उरलेली ३६ मिनिटं

एक साधा हिशोब करून बघा. बास्केटबॉलचा सामना ४० मिनिटांचा. दोन्ही संघ तोडीस तोड धरले, तर निम्मा वेळ चेंडू आपल्याकडे, निम्मा समोरच्यांकडे. म्हणजे आपल्या वाट्याला २० मिनिटं आली. कोर्टवर आपले पाच जण. वीस भागिले पाच, चार. अख्खा सामना खेळलेल्या खेळाडूच्या हातात चेंडू फार तर चार मिनिटं असतो. चेंडू हवेत असतो तो वेळ वजा केला, तर तेवढाही नाही. मग उरलेली ३६ मिनिटं तो काय करतो?

मी शाळेत असताना ती चेंडूची वाट बघण्यात घालवायचो. त्यात एकट्या माझा दोष नव्हता. आमचा सराव म्हणजे चौदा मुलांची एक रांग, एक चेंडू आणि एक रिंग. पळत जायचं, लेअप मारायचा, रांगेच्या शेपटाला येऊन उभं राहायचं. तासाभरात पंधरा-वीस लेअप व्हायचे. पावसाळ्यात सिमेंटच्या कोर्टवर शेवाळ धरायचं, तेव्हा तेही नाही. आम्ही रांगेत उभं राहायला मात्र झकास शिकलो. जिल्ह्याच्या स्पर्धेत पहिल्याच सामन्यात हरून घरी यायचो. बाद पद्धत असल्यामुळे त्या वर्षापुरता आमचा बास्केटबॉल तिथेच संपायचा.

आता माझी भाची नाशकातल्या एका शाळेच्या संघात खेळते आणि संध्याकाळी तिला आणायला जाण्याचं काम माझ्याकडे आहे. अर्धा तास आधी जाऊन पायऱ्यांवर बसायची सवय मला लागली, ती तिथल्या प्रशिक्षक मॅडममुळे. मॅडम मूळच्या कबड्डीच्या. बास्केटबॉल त्या नंतर शिकल्या, आणि मला वाटतं, त्यामुळेच त्यांना या खेळात चेंडूच्या पलीकडचं आधी दिसतं.

नाशिकला खेळाडूंचा तोटा कधीच नव्हता. त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत, प्रशिक्षक विजेंद्र सिंग यांच्या हाताखाली नाशकात तयार झाली आणि २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरचं कांस्य, त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य घेऊन आली. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकमध्ये एकट्याची होडी वल्हवत होता. विदित गुजराथी बुद्धिबळातला ग्रँडमास्टर. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये सायकलवर अमेरिका आडवी पार केली. तिथे निदान दोघे होते. ही यादी नीट पाहिली तर लक्षात येतं, की आमचं शहर एकट्याने दम काढणाऱ्यांचं आहे. पहाटेची थंडी, मोकळे रस्ते, एक धावणारा आणि घड्याळ घेऊन उभा एक प्रशिक्षक. अशा खेळात प्रशिक्षक एका माणसाचं शरीर आणि मन वाचतो. बास्केटबॉलच्या प्रशिक्षकाला पाच जणांच्या मधली रिकामी जागा वाचावी लागते. हे काम वेगळं आहे. अधिक अवघड आहे असं मी म्हणणार नाही, कारण १० हजार मीटर धावून बघायची माझी तयारी नाही.

ती रिकामी जागा मोजताही येते. कोर्ट २८ मीटर लांब, १५ मीटर रुंद. खेळ बहुतेक वेळ अर्ध्या कोर्टात चालतो, म्हणजे २१० चौरस मीटरमध्ये दहा खेळाडू. माणशी २१ चौरस मीटर, फ्लॅटमधल्या बऱ्यापैकी हॉलएवढी जागा. पण नवशिक्या संघाकडे बघा. गुळाच्या ढेपेला मुंगळे लागावेत तशा दहाही जणी चेंडूभोवती. एवढं मोठं कोर्ट आणि खेळ चालतो मोरीएवढ्या जागेत. जिच्या हातात चेंडू आहे तिला मैत्रिणीच अडवतात, कारण मदतीला धावून आलेली प्रत्येक मैत्रीण आपल्या मागे एक बचाव करणारी घेऊन येते.

म्हणून चेंडू आपल्याकडे असतानाच्या पण आपल्या हातात नसतानाच्या सोळा मिनिटांचा पहिला धडा असतो लांब राहण्याचा. दोन सहकाऱ्यांमध्ये चार-पाच मीटरचं अंतर. ऐकायला सोपं, पण मुलांच्या स्वभावाच्या अगदी उलट. मॅडमनी त्यासाठी व्याख्यान दिलं नाही. त्यांनी ड्रिबल बंद केला. सरावाची पहिली पंधरा मिनिटं चेंडू टप्पा देऊन न्यायचाच नाही, फक्त पास. ज्या जागी झेलला तिथूनच द्यायचा. पहिल्या दिवशी नुसता गोंधळ झाला. आठवड्याभरात मुलींना कळलं, की पास हवा असेल तर मोकळ्या जागेत जाऊन उभं राहावं लागतं, आणि पास दिल्यावर तिथेच थांबलं तर आपण पुतळा होतो. पास देऊन लगेच रिंगकडे कापत जायचं. चेंडू परत आला तर लेअप, नाही आला तर दुसरीसाठी जागा रिकामी झाली.

गंमत अशी, की मॅडम नकळत या खेळाच्या जन्माकडे गेल्या होत्या. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण शाळेत जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने हिवाळ्यात वर्गातल्या दांडगट मुलांना गुंतवायला हा खेळ काढला. अठरा मुलं होती, म्हणून नऊ-नऊचे संघ. व्यायामशाळेच्या सज्जाला पीच फळांच्या टोपल्या ठोकल्या. सज्जा दहा फुटांवर होता म्हणून रिंग आजही ३.०५ मीटरवर आहे. नेस्मिथने तेरा नियम लिहिले. त्यात चेंडू घेऊन पळायला मनाई होती आणि जिथे झेलला तिथूनच तो टाकायचा होता. टप्पा देत पुढे जाणं खेळाडूंनी नंतर शोधून काढलं. म्हणजे बास्केटबॉल हा मुळात पास देण्याचा खेळ. ड्रिबल ही त्यातली पळवाट. मोबाइलवर परदेशी खेळाडूंच्या चित्रफिती बघून आलेल्या मुलांना हे पटवणं किती कठीण, ते कुठल्याही प्रशिक्षकाला विचारा.

पळवाट म्हटलं खरं, पण ड्रिबलवाचून चालतही नाही. प्रश्न सरावाच्या वेळाचा आहे. नव्वद मिनिटं, बारा-पंधरा मुली, चार-पाच चेंडू, अंधार पडायच्या आत सगळं आटपायचं. अशा वेळी प्रशिक्षकाचं डावपेचांचं ज्ञान कमी आणि वेळापत्रक जास्त कामाला येतं. मॅडम दोन्ही रिंगवर तीन विरुद्ध तीन असे सामने लावतात. एकाच वेळी बारा जणी खेळतात, रांग नाहीच. वरचा हिशोब इथेही लागू पडतो: पाचात वाटला जाणारा चेंडू आता तिघींत वाटला जातो, शिवाय लपायला जागा उरत नाही. पाचाच्या खेळात एक जण कोपऱ्यात शांत उभी राहिली तर खपून जातं. तिघींत ती लगेच उघडी पडते. तीन विरुद्ध तीन हा प्रकार आता टोकियोपासून ऑलिंपिकमध्येही आहे. दहा मिनिटं किंवा आधी २१ गुण, आणि शॉट घ्यायला फक्त १२ सेकंद. भारतातल्या शाळांसाठी मला तो मोठ्या खेळाची उत्तम शिकवणी वाटतो.

आता उरली बचावाची वीस मिनिटं. इथे मॅडमची कबड्डी बाहेर येते. एका संध्याकाळी त्यांनी चेंडू बाजूला ठेवून मुलींना चक्क चढाई करायला लावली. चढाई करणारीचा घोटा कोपऱ्यातलीने धरला. ती एकटीच धरून राहिली तर चढाई करणारी तिला फरफटत मध्यरेषेपर्यंत घेऊन जाते. पण त्याच क्षणी कव्हरची खेळाडू आत आली तर पकड पक्की. आणि कव्हरने आधी कोपऱ्यातलीची पकड लागू दे, मग बघू असा विचार केला, तर उशीर झालेला असतो. "आता हेच तिथे करायचं," मॅडम रिंगकडे बोट दाखवून म्हणाल्या.

बास्केटबॉलच्या बचावाचं मर्म याहून थोडक्यात मी कुणाकडून ऐकलेलं नाही. चेंडूवाली खेळाडू आपल्या एकीला चकवून आत शिरणार, हे गृहीतच धरायचं. कारण चांगला ड्रिबल करणारीला एकटीने रोखणं जवळपास अशक्य आहे. प्रश्न दुसरीचा आहे. ती आपल्या खेळाडूला अगदी चिकटून, चेंडूकडे पाठ करून उभी असेल, तर मदतीला पोचणार नाही. म्हणून जिची खेळाडू चेंडूपासून लांब आहे तिने एक-दोन पावलं आत सरकून असं उभं राहायचं, की चेंडूही दिसेल आणि आपली खेळाडूही. एक हात चेंडूकडे, दुसरा आपल्या खेळाडूकडे. पास गेला की पाचही जणींनी जागा बदलायची, पास हवेत असतानाच, पोचल्यावर नाही. दुसरी मदतीला गेली की तिची जागा तिसरीने भरायची. दाराशी पाहुणा आला की घरातलं एकेक माणूस न सांगता उठतं तसं.

पण न सांगता हे उपमेपुरतंच. कोर्टवर सांगावंच लागतं. "बॉल माझा", "हेल्प आहे", "डावीकडे स्क्रीन". स्क्रीन म्हणजे समोरच्या संघातली एखादी जण वाटेत खांबासारखी उभी राहते, म्हणजे बचाव करणारी तिच्यावर आदळावी. पाठीमागून येणारा तो खांब बचाव करणारीला दिसत नाही. मागच्या मैत्रिणीने ओरडून सांगितलं तरच कळतो. मुलींच्या संघात ही खरी अडचण ठरली. घरी लहानपणापासून आवाज खाली ठेवायला शिकवलेलं. मॅडमनी नियम केला: बचाव गप्प बसला तर त्या फेरीचे गुण समोरच्यांना. महिनाभराने मला पायऱ्यांवर फोनवर बोलणं अशक्य झालं.

बचावाचा शेवट चुकलेल्या शॉटवर होत नाही, रिबाउंडवर, म्हणजे रिंगवरून उसळलेला चेंडू मिळवण्यावर होतो, आणि बहुतेक संघ इथेच ढिले पडतात. शॉट सुटला की सगळ्यांच्या माना वर. शिकलेला खेळाडू मात्र आधी आपल्या प्रतिस्पर्ध्याला शोधतो, त्याच्याकडे पाठ करून त्याला मागे अडवून धरतो, आणि मग वर बघतो. याला बॉक्स आउट म्हणतात. यात उंची लागते, पण लोक समजतात तेवढी नाही. चेंडू रिंगवर आपटून बऱ्याचदा खालीच येतो, आणि आधी जागा धरलेली ठेंगणी मुलगी मागच्या उंच मुलीला सहज अडवते. धर्मशाळेत जागा धरून बसणं, एवढाच हा प्रकार.

रिंगमध्ये चार चेंडू जास्त पडले की संघ जिंकतो, हे उघड आहे. पण ते जास्त पडण्यामागे काय असतं? डीन ऑलिव्हर या अमेरिकन अभ्यासकाने २००४ मध्ये 'बास्केटबॉल ऑन पेपर' या पुस्तकात हे नीट मांडलं. एका संघाचा ताबा संपला की चेंडू दुसऱ्याकडे जातो, त्यामुळे दोन्ही संघांना ताबे जवळजवळ सारखेच मिळतात. जिंकणं ठरतं ते प्रत्येक ताब्याचं तुम्ही काय करता यावर. त्याने चार गोष्टी काढल्या: नेम, चेंडू फुकट न घालवणं, आपल्याच चुकलेल्या शॉटचा रिबाउंड, आणि फ्री थ्रो. मोठ्यांच्या खेळात नेमाचं वजन सगळ्यात जास्त आहे. शाळेच्या पातळीवर मला दुसरी गोष्ट वरचढ वाटते. समजा, संघाला ७० ताबे मिळाले आणि त्यातले २५ चुकीच्या पासने किंवा पायाच्या चुकीने वाया गेले. उरले ४५ शॉट. शंभरातले ३० बसतात असं धरलं तर साधारण २७ गुण झाले. आता नेम तोच ठेवा, फक्त वाया गेलेले ताबे १५ वर आणा. शॉट ५५, गुण ३३. एकीचाही नेम न सुधारता सहा गुण वाढले.

म्हणून मॅडमच्या बाकावर बसलेली मुलगी नुसती बसत नाही. तिच्या हातात शंभर पानी वही असते. फुकट गेलेला चेंडू, रिबाउंड, सोपा चुकलेला लेअप, एवढ्याच तीन रकान्यांत काड्या. कुणी किती बास्केट केले हे वहीत नाहीच; ते सगळ्यांच्या लक्षात राहतंच. या वहीचा एक फायदा माझ्या उशिरा ध्यानात आला. लिहिणारी मुलगी सामना बघायला शिकते. कोर्टवर जाते तेव्हा तिला माहीत असतं, की डावीकडची ती सहा नंबरवाली उजव्या हातानेच ड्रिबल करते. खो-खोत बसलेले आठ जण पळत नसतात, पण कुणाला कधी उठावं लागेल याचा नेम नसतो, म्हणून आठही जण तोल सावरून, नजर लावून बसतात. बाकावरच्या सात जणींनी तसं बसायला हवं. कारण पाच जणींच्या चाळीस मिनिटांची बेरीज २०० मिनिटं होते, आणि ती पाच जणींतच वाटली तर शेवटच्या दहा मिनिटांत पायात गोळे येतात, किंवा पाचवा फाउल होऊन तुमची हुकमी खेळाडू बाहेर बसते. आठ-नऊ जणींत ही मिनिटं वाटायची, तर सातव्या-आठव्या मुलीवर तुम्ही जुलैपासूनच मेहनत घेतलेली हवी.

प्रशिक्षकाने बोलायचं कसं, याबद्दल आपल्याकडे दोनच कल्पना आहेत: एक शिव्या घालणारा, दुसरा पाठ थोपटणारा. अमेरिकेत जॉन वूडन नावाचे प्रशिक्षक होते. त्यांच्या हाताखाली यूसीएलए विद्यापीठाच्या संघाने १९६४ ते १९७५ या काळात दहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. मूळचे ते इंग्रजीचे मास्तर. हंगामाच्या पहिल्या दिवशी ते नावाजलेल्या खेळाडूंना मोजे कसे घालायचे ते शिकवत, कारण सुरकुतीने फोड येतो आणि फोडाने सराव बुडतो. १९७४-७५ च्या हंगामात रोनाल्ड गॅलिमोर आणि रोलंड थार्प हे दोन मानसशास्त्रज्ञ त्यांच्या सरावाला जाऊन बसले आणि ते काय काय बोलतात याची नोंद करत राहिले. अशा २,३२६ नोंदी झाल्या. त्यात निव्वळ कौतुक सात टक्क्यांच्या आसपास आणि निव्वळ रागावण्याचं प्रमाणही तितपतच. बाकी बहुतेक सगळी माहिती: हे असं कर, हे असं नको, परत असं. छोटी वाक्यं, आणि खेळ न थांबवता.

हे वाचल्यानंतर मी एका संध्याकाळी मॅडमची वाक्यं मोजायचा प्रयत्न केला आणि दहा मिनिटांत सोडून दिला. पण एक पाहिलं. "छान गं" त्या क्वचित म्हणतात. "दोन पावलं आत" हे मात्र सारखं चालू असतं. सामन्यातल्या टाइमआउटमध्येही तेच. एक मिनिट मिळतं. त्यात मुलींना श्वास घ्यायचा असतो, पाणी प्यायचं असतं. त्या वेळी पाच सूचना देणारा प्रशिक्षक स्वतःचीच समजूत घालत असतो. मॅडम एकच देतात, कधी कधी एकही नाही.

एवढं सगळं जमलं तरी आपल्याकडच्या संघाला एक शाप आहे. शालेय स्पर्धांचे गट १४, १७ आणि १९ वर्षांखालचे. मुलगी तयार होते न होते तोच वय उलटतं. दहावी आली की क्लास, अकरावीला दुसरं कॉलेज. क्रीडागुण मिळतात, नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, त्या आशेने काही जणी टिकतात. बाकीच्यांसाठी जून महिना संघ मोडायलाच येतो. जो प्रशिक्षक एका गुणी मुलीभोवती संघ बांधतो, तो दर दोन वर्षांनी पायापासून सुरुवात करतो.

यावरचं उत्तर महाराष्ट्राने फार पूर्वी शोधलं होतं, तेही एका दाट वस्तीत. मुंबईच्या नागपाड्यात अमेरिकन मराठी मिशनच्या क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी १९२० च्या दशकात नागपाडा नेबरहूड हाउस काढलं. याच वास्तूत १९३६ मध्ये समाजकार्याची ती टाटा संस्था सुरू झाली, जिला आज आपण टिस म्हणतो. समाजसेवेच्या इतिहासात नागपाड्याचं नाव त्यासाठी घेतलं जातं, पण त्या भागातल्या पोरांना विचाराल तर ते बास्केटबॉल सांगतील. नेबरहूड हाउसचं कोर्ट आणि जवळचं मस्तान वायएमसीएचं, एवढ्या जागेतून पिढ्यान्‌पिढ्या राज्याचे आणि देशाचे खेळाडू निघाले. भारताचे कर्णधार राहिलेले अब्बास मुंतसिर तिथलेच. त्यांना १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. पैसा नव्हता, जागा नव्हती, उंचीही फार नव्हती. होतं ते एवढंच, की कोर्ट शाळेचं नसून मोहल्ल्याचं होतं. दहावी झाली म्हणून कुणी मोहल्ला सोडत नाही. दहा वर्षांचा पोरगा कडेला बसून विशीतल्यांचा खेळ बघतो, एक जण कमी पडला की त्याला आत घेतात, धक्के खातो, शिकतो. कुठे उभं राहायचं, केव्हा कापायचं, हे सांगायला प्रशिक्षक हजर असायलाच लागत नाही. थोरला भाऊ सांगतो, आणि भावाच्या भाषेत सांगतो.

नागपाड्याची ही गोष्ट मी मॅडमना सांगितली, ती त्यांना आधीच ठाऊक होती. या मार्चमध्ये त्यांनी दहावीची परीक्षा संपवलेल्या पाच जणींना, त्यात माझ्या भाचीलाही, निरोप पाठवला, की रविवारी सकाळी सातला या, सहावी-सातवीच्या मुलींबरोबर खेळायचं आहे, शिट्टी तुमच्याकडे. शाळेच्या फाटकाची किल्ली मिळवायला त्यांना तीन अर्ज करावे लागले, ते वेगळंच.

पहिल्या रविवारी चौघी आल्या. सातवीतली एक मुलगी चेंडूकडे टक लावून उभी होती, तिची खेळाडू मागून केव्हाच निसटलेली. भाचीने शिट्टी वाजवली नाही. मागून जाऊन तिने त्या मुलीचे दोन्ही खांदे धरले, तिला थोडं तिरकं फिरवलं आणि दोन पावलं आत सरकवलं.